निधी संकलन आणि श्रमदान एकाच रविवारी नको: इंदूरच्या मराठी संस्थांना खुले पत्र

प्रति,
इंदूर शहरातील मराठी संस्था, मंडळे, न्यास आणि वाचनालये यांचे अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणी सदस्य यांस

सप्रेम नमस्कार.

रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगर, वैशाली नगर, तिलक नगर. आपल्या संस्था वेगवेगळ्या आहेत, पण देणगीसाठी ज्यांची दारे वाजवायची ती घरे तीच आणि सकाळी सातला फावडे घेऊन येणारी माणसेही बहुतेक तीच. त्यामुळे एका संस्थेची निधी मोहीम आणि दुसऱ्या संस्थेचे श्रमदान एका आठवड्यात आले, की दोन्ही कामे अर्धवट होतात. कूपने विकायला माणसे नसतात, वृक्षारोपणाला खड्डे तयार नसतात, आणि देणगीदार म्हणतात, ‘परवाच तर दिले.’ हे टाळता येते. त्यासाठी कोणत्या कामाची तारीख हलवता येते आणि कोणत्या कामाची येत नाही, एवढे आधी स्वच्छ ठरवावे लागते. या पत्रात मुख्यतः तेच मांडले आहे.

सुरुवात पंचांगापासून करतो, कारण इंदूरमध्ये निम्मा घोटाळा तिथेच होतो. आपल्या घरी कालनिर्णय असते, शेजारच्या हिंदी भाषक घरी लाला रामस्वरूपचे हिंदी पंचांग. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. शुक्ल पक्षात महिन्याचे नाव दोघांचे एकच असते, पण कृष्ण पक्षात एका महिन्याचा फरक पडतो. अहिल्याबाईंची पुण्यतिथी आपल्याकडे श्रावण वद्य चतुर्दशी आणि त्यांच्याकडे भाद्रपद कृष्ण चतुर्दशी, दिवस मात्र एकच. रंगपंचमी आपल्या फाल्गुनात, त्यांच्या चैत्रात. सण एकाच दिवशी येतात म्हणून हा फरक एरवी जाणवत नाही. पण ‘श्रावणाच्या दुसऱ्या सोमवारी’ असा निरोप गेला, की गडबड होते. 2025 मध्ये हिंदी पंचांगाचा दुसरा श्रावणी सोमवार 21 जुलैला होता आणि मराठी पंचांगाचा 4 ऑगस्टला. मंडपवाला, टँकरवाला, महाविद्यालयातले विद्यार्थी आणि कॉलनीतले हिंदी भाषक शेजारी पहिली तारीख धरतात, आपले कार्यकर्ते दुसरी. म्हणून निरोपात तिथी हवी तर जरूर लिहा, पण तिच्याशेजारी इंग्रजी तारीख, वार आणि सुरू होण्याची व संपण्याची वेळ लिहिल्याशिवाय तो पाठवू नका.

मागच्या वर्षीचे वेळापत्रक तसेच उचलणे ही दुसरी चूक. गणेश चतुर्थी 2025 मध्ये 27 ऑगस्टला होती. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती 14 सप्टेंबरला. अठरा-एकोणीस दिवसांनी सगळे सरकते: वर्गणी, झांक्या (मिरवणुकीतले फिरते देखावे), पितृपक्ष, नवरात्र. इंग्रजी तारखेला बांधलेले उपक्रम मात्र जागचे हलत नाहीत. देशभर होणारा दान उत्सव दरवर्षी 2 ते 8 ऑक्टोबर. 2025 मध्ये त्याचा पहिलाच दिवस दसरा होता, 2026 मध्ये तो पूर्ण आठवडा पितृपक्षात येतो. पितृपक्षात लोक देत नाहीत असे नाही. वडिलांच्या, आजीच्या नावाने अन्नदानाला, विद्यार्थ्याच्या फीला ते आवर्जून देतात. पण त्या पंधरवड्यात नाटकाचे कूपन, नव्या इमारतीची पायाभरणी किंवा ‘शुभारंभ’ असे शब्द घेऊन गेलात, तर नकार ठरलेला. त्यामुळे त्या पंधरवड्यात मोहीम करूच नये असे आम्ही म्हणणार नाही. कशासाठी मागायचे ते बदलावे.

अनंत चतुर्दशीचे वेगळे सांगायला हवे. त्या रात्री गिरण्यांच्या झांक्या निघतात, शहर पहाटेपर्यंत जागे असते आणि मध्य भागातले रस्ते बंद असतात. 2025 मध्ये ती शनिवारी आली, 6 सप्टेंबरला. दुसऱ्या दिवशी रविवार म्हणून त्या सकाळी श्रमदान ठेवणे म्हणजे रात्रभर जागलेल्या माणसांच्या हातात टिकाव देणे. दुखापती अशाच सकाळी होतात. रंगपंचमीच्या गेरचा (रंगांच्या मिरवणुकीचा) दिवस आणि त्याच्या पुढची सकाळ यांनाही हेच लागू आहे.

आता तारखांचा अग्रक्रम. सध्या ज्या कार्यक्रमाचे प्रमुख पाहुणे मोठे, त्याची तारीख पक्की आणि बाकीच्यांनी सरकायचे, अशी पद्धत पडली आहे. आमच्या मते ती उलटी आहे. ज्या कामाची वेळ पाऊस, माती किंवा माणसाचे शरीर ठरवते, त्याला पहिला हक्क. त्यानंतर कायद्याने ठरलेल्या तारखा. मग नाट्यगृहाचे आरक्षण आणि बाहेरगावच्या कलाकारांच्या तारखा. वर्धापनदिन, सत्कार, स्नेहसंमेलन शेवटी, कारण ते आपण ठरवतो आणि आपणच हलवू शकतो.

पहिल्या प्रकारातले सर्वांत दुर्लक्षित उदाहरण रक्तदान शिबिराचे. पुरुषाला दोन रक्तदानांत 90 दिवसांचे अंतर ठेवावे लागते, स्त्रीला 120 दिवसांचे. एका संस्थेने 15 ऑगस्टला शिबिर घेतले आणि त्याच वस्तीत दुसऱ्या संस्थेने गणेशोत्सवात घेतले, तर पहिल्या शिबिरातले पुरुष 13 नोव्हेंबरपर्यंत आणि स्त्रिया 13 डिसेंबरपर्यंत बादच. दुसऱ्या शिबिराचे फलक लागतात, रक्तपेढीचे पथक येते आणि खाटा रिकाम्या राहतात. नियमांप्रमाणे 5 तासांत 100 ते 120 दात्यांसाठी 6 ते 8 खाटा लागतात, आणि त्यांच्यासोबत एक वैद्यकीय अधिकारी, दोन परिचारिका, तीन तंत्रज्ञ, दोन समाजसेवक आणि दोन मदतनीस. एवढे पथक 25 दात्यांसाठी आले, तर पुढच्या वेळी ती पेढी तुमच्या संस्थेला ‘बघू’ म्हणते. याची दुसरी बाजूही आहे. नेहमीच्या पिशवीतल्या लाल पेशी 35 दिवस टिकतात, पोषक द्रावण घातलेल्या 42 दिवस, प्लेटलेट्स फक्त 5 दिवस. ऑगस्टच्या दोन आठवड्यांत सगळ्यांची शिबिरे झाली, की साठा एकदम फुगतो. पुढे दिवाळीच्या सुट्टीत आणि मे महिन्याच्या उन्हात, जेव्हा गरज तशीच असते आणि दाते गावी असतात, तेव्हा तो आटतो.

उपाय सोपा आहे. एका वस्तीतल्या संस्थांनी मिळून 13 आठवड्यांचे चक्र धरावे. 13 आठवडे म्हणजे 91 दिवस, त्यामुळे रविवारनंतर रविवारच येतो आणि 90 दिवसांची अटही पाळली जाते. वर्षाला चार शिबिरे, चार यजमान संस्था. स्त्री दात्यांना एक आड एक शिबिराचे निमंत्रण द्यायचे, म्हणजे त्यांचे अंतर 182 दिवसांचे होते. चक्रातला एखादा रविवार दिवाळीवर आला, तर तो आणि त्यापुढचे सगळे एक आठवडा पुढे ढकला, मागे ओढू नका. मागे ओढला तर 84 दिवस होतात. शिबिराच्या ठिकाणी देणगीचा क्यूआर कोड लावू नका, हेही कळकळीने सांगतो. जो 350 किंवा 450 मिलिलीटर रक्त देऊन बिस्कीट खात बसला आहे, त्याच्याकडे त्या क्षणी पैसे मागणे बरोबर नाही.

वृक्षारोपणाकडे वळू. 14 जुलै 2024 रोजी रेवती रेंजवर एका दिवसात 12 लाखांहून अधिक रोपे लावून इंदूरने विश्वविक्रम केला, तेव्हापासून आपल्या संस्थांमध्येही जुलैच्या रविवारची ओढ वाढली. पण रोप लावण्याचा दिवस हा या कामाचा सर्वांत सोपा दिवस. खड्डा मे महिन्यात हवा, कारण माळव्याची काळी माती पावसाने भिजली की चिकट गोळा होते आणि फावड्याला धरून बसते. लांबी, रुंदी, खोली प्रत्येकी 45 सेंटिमीटर. नवखा माणूस सकाळच्या 3 तासांत असे चार-पाच खड्डे काढतो, म्हणजे 100 खड्ड्यांना 20 ते 25 माणसे. खड्डे दोन-तीन आठवडे उन्हात तापू द्यायचे, मग माती आणि शेणखत मिसळून भरायचे, आणि दोन चांगले पाऊस झाल्यावर, साधारण जूनच्या अखेरीपासून, रोपे लावायची. त्यानंतरच्या कामाची नोंद कोणत्याही दिनदर्शिकेत नसते. नोव्हेंबर ते जून असे आठ महिने दर आठवड्याला एका रोपाला 10 ते 15 लिटर पाणी, म्हणजे 100 रोपांना 1000 ते 1500 लिटर, आणि ते घालायला किमान तीन माणसे. नेमके याच काळात, डिसेंबर ते मार्च, आपल्या सगळ्या निधी मोहिमा असतात. पाण्याच्या पाळीवरची तीन माणसे ‘फक्त या महिन्यापुरती’ कूपनांच्या कामाला ओढली जातात आणि फेब्रुवारीत रोपे वाळतात. म्हणून वृक्षारोपणाची तारीख मांडताना त्या तिघांची नावे जूनपर्यंत अडकलेली दाखवा. तेवढी माणसे नसतील तर 100 ऐवजी 30 रोपे लावा.

कायद्याच्या तारखा दोनच लक्षात ठेवायच्या. 31 मार्चला आर्थिक वर्ष संपते, आणि देणग्यांचे विवरणपत्र, ज्याला आपले कोषाध्यक्ष 10बीडी म्हणून ओळखतात, 31 मेपर्यंत भरावे लागते. उशीर झाल्यास दिवसाला 200 रुपये शुल्क. या विवरणपत्रासाठी प्रत्येक देणगीदाराचे नाव, पत्ता, ओळख क्रमांक आणि रक्कम बिनचूक हवी. ती माहिती पावती फाडतानाच घेतली नसेल, तर मे महिना फोन करण्यात जातो. 2000 रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत मिळत नाही, हेही दारावरच सांगा. नंतर कळले तर माणूस नाराज होतो आणि ते रास्तच आहे. या सगळ्यातून वेळापत्रकापुरता निष्कर्ष असा, की मे महिन्यात कोषाध्यक्ष आणि त्यांचे संगणकावरचे मदतनीस यांना खड्डे खणायला किंवा बावडीतला (पायऱ्यांच्या विहिरीतला) गाळ काढायला बोलावू नये. बावडीचे काम पाणी सर्वांत खाली असताना, एप्रिल-मे मध्येच करावे लागते, ते हलवता येणार नाही. माणसे वेगळी लावता येतील.

मार्चबद्दल आमचे मत थोडे वेगळे आहे. करसवलतीसाठी लोक मार्चमध्ये देतात, म्हणून मोहीम मार्चमध्ये, हा हिशेब जुना झाला. नव्या करप्रणालीत 80जीची, म्हणजे देणगीवरची, वजावट मिळत नाही, आणि पगारदार वर्गातले बरेच जण आता तीच प्रणाली घेतात. शिवाय मार्च म्हणजे परीक्षा, रंगपंचमी, पाडवा. व्यापारी आणि कंपन्यांकडे मार्चमध्ये जरूर जा. पिथमपूरच्या कारखान्यांचा सामाजिक दायित्वाचा निधी वर्षअखेरीशी बांधलेला असतो, मात्र त्यांच्याकडे प्रस्ताव ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच पोहोचायला हवा. घरोघरची फेरी मात्र मार्चमधून काढून डिसेंबर-जानेवारीत आणा. जानेवारीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घरे तशीही उघडी असतात.

निधी मोहीम दिनदर्शिकेत एक दिवस म्हणून मांडली जाते, ही सगळ्यांत मोठी चूक. मदतनिधीसाठी मुंबई-पुण्याचे नाटक आणायचे ठरले, तर रवींद्र नाट्यगृहातला प्रयोग एका संध्याकाळी होतो, पण मोहीम आठ आठवडे चालते. समजा 800 जागा विकायच्या. 25 कूपनांचे एक पुस्तक धरले तर 32 पुस्तके, आणि एका कार्यकर्त्याकडे दोन पुस्तके म्हणजे 16 माणसे. प्रयोगाच्या सहा आठवडे आधी पुस्तके क्रमांकांसह वाटायची आणि कोणाकडे कोणते पुस्तक त्याची वही ठेवायची. तीन शनिवार-रविवार विक्रीला. दहा दिवस आधी विकलेल्या कूपनांच्या सगळ्या स्थळप्रती आणि न विकलेली कूपने परत मागवायची. हे केले नाही तर एकीकडे ‘हाउसफुल’ सांगितले जाते आणि दुसरीकडे चार कार्यकर्त्यांच्या घरात साठ कूपने पडून राहतात. प्रयोगानंतर दोन आठवडे पैसे जमा करणे, पावत्या, स्मरणिकेच्या जाहिरातींची वसुली. या आठ आठवड्यांत ती 16 माणसे दुसऱ्या कोणत्याही कामाला मोकळी नसतात. दिनदर्शिकेत आठही आठवडे रंगवा, मग खरे चित्र दिसेल.

श्रमदानाचेही तसेच. 40 माणसांच्या गाळ काढण्याच्या कामाला साधारण 10 फावडी, 4 टिकाव, 30 घमेली, हातमोज्यांच्या 45 जोड्या, प्रथमोपचार पेटी, 60 लिटर पिण्याचे पाणी आणि एक ट्रॅक्टर-ट्रॉली लागते. घमेली हातोहात देणाऱ्या रांगेत माणसे हात पोहोचेल इतक्याच अंतरावर हवीत. अंतर वाढले की माणूस ओझे घेऊन वळतो आणि कंबर धरते. ही अवजारे सगळ्या संस्थांमध्ये फिरतात. दोन संस्थांच्या तारखा वेगळ्या असल्या तरी शनिवारी एकीकडे आणि रविवारी दुसरीकडे काम असेल, तर अवजारे रात्री कोण आणणार, हा प्रश्न राहतो. त्यामुळे दिनदर्शिकेत अवजारांचा वेगळा रकाना हवा. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणाकडून कोणाकडे.

महाविद्यालयातल्या मुलांना बोलावताना लक्षात ठेवा, की राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाला वर्षाला 120 तासांचे काम पूर्ण करायचे असते आणि सात दिवसांचे विशेष शिबिरही असते. कार्यक्रम अधिकाऱ्याला सत्राच्या सुरुवातीला तारखा दिल्या तर मुले मिळतात, आदल्या आठवड्यात फोन केला तर मिळत नाहीत. त्यांच्या हातात कूपनांची पुस्तके देऊ नका. ती सेवा करायला आलेली असतात, आणि पैशाचा हिशेब 19 वर्षांच्या मुलावर टाकणे संस्थेला शोभत नाही.

आता आमची मागणी. सगळ्या संस्थांची मिळून एक दिनदर्शिका असावी, एका साध्या गूगल शीटवर. प्रत्येक संस्थेच्या दोनच व्यक्तींना लिहिण्याचा अधिकार, बाकी सर्वांना पाहण्याचा. ती संस्थेच्या ईमेल खात्यावर बनवा. एखाद्याच्या वैयक्तिक खात्यावर बनवली, तर तो सुनेकडे पुण्याला गेला की दिनदर्शिकाही जाते. रकाने असे: काम, वस्ती, तयारीसह पहिला व शेवटचा दिवस, वेळ, किती माणसे, पैसे मागणार का, अवजारे, सभागृह. तारखेपुढे ‘कच्ची’ किंवा ‘पक्की’ लिहायचे. कच्ची तारीख 15 दिवसांत पक्की झाली नाही तर आपोआप मोकळी. हा नियम कडकपणे पाळला नाही, तर पहिल्याच महिन्यात वर्षभराचे सगळे रविवार कोणी ना कोणी अडवून ठेवेल.

एका वस्तीत घरोघरच्या दोन निधी फेऱ्यांमध्ये किमान 45 दिवसांचे अंतर असावे. प्रत्येक संस्थेला वर्षातून एका मुख्य मोहिमेसाठी तीन आठवडे मिळावेत, ज्या काळात बाकीच्या संस्था त्या वस्तीत पैसे मागणार नाहीत. श्रमदान आणि रक्तदान मात्र त्या तीन आठवड्यांतही चालू शकेल, पण त्याला वेगळी माणसे देता आली तरच. श्रमदानाला आलेल्यांकडे त्याच दिवशी देणगी मागू नये. दहा दिवसांनी काय झाले त्याचे फोटो आणि आभार पाठवावेत, मागायचे असेल तर त्यानंतर. उलट क्रम अधिक चांगला चालतो: ज्यांनी देणगी दिली, त्यांना महिन्याभराने कामावर बोलवा. स्वतःच्या पैशाचे रोप पाहायला माणूस येतो आणि पुढे पाणी घालायलाही थांबतो.

देणगीदारांच्या याद्या मात्र एकमेकांना देऊ नयेत. समन्वयासाठी ‘लोकमान्य नगर, 10 ते 31 जानेवारी’ एवढी माहिती पुरते. कोणाच्या घरून किती आले, हे त्या घराचे आणि त्या संस्थेचे.

पहिली बैठक दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी घ्यावी. तोवर पुढच्या वर्षीची दोन्ही पंचांगे बाजारात आलेली असतात. प्रत्येक संस्थेने दोन माणसे पाठवावीत, एक कोषाध्यक्षांकडचा आणि एक प्रत्यक्ष फावडे धरणारा. सोबत आणायचे ते असे: मागच्या बारा महिन्यांतल्या सर्व कार्यक्रमांच्या तारखा तयारीच्या दिवसांसह, पुढच्या वर्षी हलवताच येणार नाहीत अशा जास्तीत जास्त तीन तारखा आणि त्या का हलत नाहीत ते एका ओळीत, आणि संस्थेकडच्या अवजारांची यादी. बैठकीत आधी रक्तदानाचे चार रविवार आणि वृक्षारोपणाचे मे-जूनचे दिवस भरावेत, मग प्रत्येकाचे तीन आठवडे. जागेची आणि चहा-पोह्यांची सोय आम्ही करतो.

आपले,
निधी आणि श्रमदान दोन्हीकडे काम करणारे कार्यकर्ते
इंदूर